माणूस निघाला आहे

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये शिलाई मशीन दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतला प्रत्येक जण फोनवर एकच खोटं बोलतो. "माणूस निघालाय, रस्त्यातच आहे." माणूस त्या वेळी समोरच्या टपरीवर कटिंग पीत उभा असतो. कारखानदारांनाही ते ठाऊक असतं, म्हणून तेही सोमवारी बंद पडलेलं मशीन गुरुवारी "आत्ता सकाळीच बंद पडलं हो" म्हणून सांगतात. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. बाजार त्यावर वर्षानुवर्षं चालला आहे आणि कोणाचं पोट बिघडलेलं नाही.

राजेंद्रच्या गाळ्यातून मात्र हे खोटं जाणं बंद झालं होतं. बंद केलं होतं त्याच्या मुलानं, महेंद्रनं.

महेंद्र कॉम्प्युटर शिकलेला. शिकलेल्या पोरांना बापाच्या धंद्यात दोनच गोष्टी दिसतात, घाण आणि गोंधळ. महेंद्रला घाण खुपली नाही, गोंधळ खुपला. सोमा मेकॅनिक स्कूटरवरून एखाद्या जीन्सच्या कारखान्यात जायचा, मशीन उघडायचा, लूपर, म्हणजे खालचा दोरा गुंफणारा आकडा, गेलाय म्हणून सांगायचा, आणि तो लूपर आणायला परत गाळ्यावर यायचा. तोवर तिकडे कारागीर हातावर हात ठेवून बसलेले. महेंद्रनं दुकानासाठी क्लाउडवर जागा घेतली. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाचा एक फोल्डर, त्याच्या पोटात प्रत्येक मशीनचा वेगळा. त्यात मशीनच्या नंबरपट्टीचा फोटो, आजवर बदललेल्या पार्टचे फोटो, आणि मशीन धडधाकट असताना कसं वाजतं त्याचा छोटासा व्हिडिओ. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर फक्त त्याच्या फोल्डरची लिंक. मशीन बिघडलं की त्यानं व्हिडिओ काढायचा, नाव, गाव आणि तक्रार तोंडानं बोलायची, आणि तिथे टाकायचा. गाळ्यावर कॉम्प्युटर सांभाळणारी नीलिमा तो उघडून राजेंद्रला ऐकवायची. राजेंद्रचा कान असा, की आवाजावरून दुखणं सांगायचा. मग सोमा निघायचा तो पार्ट खिशात घालूनच. कित्येक तक्रारी तर जागच्या जागी मिटायच्या. "सुई उलटी बसलीय, फिरवून लावा," एवढं कळवलं की झालं.

"मेरी मशीन की बीमारी बादल में रखता है तेरा लडका?" म्हणून टेकचंद सेठ पोट धरून हसले होते. टेकचंद सेठ म्हणजे दोन गल्ल्या पलीकडचे जीन्सवाले, राजेंद्रचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. मग एकदा ऐन सीझनमध्ये त्यांचं कडा शिवायचं ओव्हरलॉक मशीन बंद पडलं आणि दुपारच्या जेवणाआधी चालू झालं. तेव्हापासून तेच गल्लीभर सांगत फिरायला लागले, "साईं, राजूभाई के पास डालो. वहाँ सब रेकॉर्ड है."

सगळ्यात शेवटी महेंद्रनं एक उत्तर तयार करून ठेवलं, तक्रारीच्या खाली टाकायला: "तक्रार मिळाली. माणूस निघाला आहे." आणि नियम केला, की सोमानं स्कूटरला किक मारल्याशिवाय हे वाक्य टाकायचं नाही. राजेंद्रनं कपाळाला हात लावला.

"अरे, असं खरं बोलून कुठे धंदा होतो का?"

"करून तर बघा, पप्पा."

बघितलं. झाला. लोकांना माणूस उशिरा आलेला चालतो, तो येणार आहे की नाही हे कळलं म्हणजे पुरतं.

या सगळ्याची चाचणी महेंद्रनं घरीच घेतली होती, आईवर. शीलाचं पायाचं मशीन बदलापूरला, कात्रपच्या फ्लॅटमध्ये, खिडकीशी असायचं. शेजारणींचे ब्लाऊज, उशांचे अभ्रे, काही ना काही चालूच. महेंद्रनं पहिला फोल्डर केला तो "आई" या नावाचा, आणि तिला व्हिडिओ काढायला शिकवलं. ती मोबाइल पुढे धरून, पलीकडच्या बिल्डिंगमधल्या बाईशी बोलावं इतक्या मोठ्यानं बोलायची. "शीला, कात्रप. बॉबिन खडखड करतीय. घरात दोन-दोन मेकॅनिक आणि माझं मशीन कायम आजारी." बाजूच्या खोलीतून महेंद्र उत्तर टाकायचा, तक्रार मिळाली, माणूस निघाला आहे, आणि खरंच उठून स्क्रूड्रायव्हर घेऊन यायचा. राजेंद्र पेपरातून डोकं वर काढून दोघांना येडे म्हणायचा. त्याला ते फार आवडायचं.

मग शीला गेली. पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात नेली आणि घरी चालत आली नाही.

राजेंद्र रडला नाही. रडायचं राहूनच गेलं. शीलाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं आणि हा आपला खुर्च्या लावत फिरत होता. दुसऱ्या दिवशी गाळा उघडला. लोक म्हणाले, घट्ट माणूस आहे. घट्ट कसला! दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं की गाल आपला आहे की शेजाऱ्याचा ते कळत नाही, तसं त्याचं सगळ्या अंगाचं झालं होतं. भूक लागायची नाही, झोप यायची नाही, आणि आली नाही याचंही काही वाटायचं नाही.

बाप-लेकात भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. पण भांडायलासुद्धा बोलावं लागतं, आणि हे दोघं आयुष्यभर बोलले होते ते शीलामार्फत. "त्याला विचार, जेवणार आहे का." "पप्पांना सांग, मला उशीर होईल." मधलं माणूस उठून गेलं. वाक्यं दोघांकडेही होती, ती द्यायची कोणाकडे ते कळेना. काही दिवसांनी महेंद्रनं कोइमतूरला एका कापड कंपनीत नोकरी धरली. जाताना पाया पडला. राजेंद्र म्हणाला, "पोचलास की कळव." त्यानं कळवलं. पुढे फोन व्हायचे ते असे: "जेवलास?" "हो. तुम्ही?" "हो." मग दोघंही एकमेकांच्या घरातल्या पंख्याचा आवाज ऐकत राहायचे आणि कोणीतरी फोन ठेवून द्यायचा. हळूहळू तेवढंही थांबलं. कोणी थांबवलं असं नाही.

क्लाउड मात्र महेंद्रच्याच खात्यावर राहिला. त्याकडे कोणी लक्षही दिलं नाही.

एके दिवशी नीलिमा सुट्टीवर होती. राजेंद्रनं तेलकट अंगठ्यानं टेकचंद सेठच्या मशीनचा व्हिडिओ भलत्याच कोणाच्या फोल्डरमध्ये टाकला. सकाळी त्याच्या ते ध्यानात आलं. निस्तरायला गेला तर व्हिडिओ आधीच टेकचंद सेठच्या फोल्डरमध्ये, जिथे हवा तिथे. बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं: "महेंद्र यांनी एक फाइल हलवली." त्याच्या शेजारी एक छोटा गोल आणि गोलात "म".

राजेंद्र त्या अक्षराकडे बघत राहिला. म्हणजे पोरगा तिकडे बसून दुकान बघतोय. कोणी सांगितलेलं नसताना बघतोय. आनंद झाला असं म्हणता येणार नाही, तो कसा होतो हे तो विसरला होता. पण त्या दिवशी त्यानं डबा पूर्ण खाल्ला.

दोन-चार दिवसांनी त्यानं आणखी एक व्हिडिओ चुकीच्या जागी टाकला. या वेळी अंगठा तेलकट नव्हता.

ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ही आपल्याकडच्या बापांची जुनी खोड. फोन उचलून "तुझी आठवण येते रे" म्हणायला जीभ रेटत नाही. त्याऐवजी हा माणूस संध्याकाळी गाळा बंद करताना एखाद्या फोटोला भलतंच नाव द्यायचा, नाहीतर एखादा व्हिडिओ दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवायचा, आणि सकाळी शटर वर केलं की चपला काढायच्या आधी मोबाइल उघडायचा. नाव सुधारलेलं असायचं. व्हिडिओ आपल्या घरी पोचलेला असायचा. "म" येऊन गेलेला. बस. तेवढ्यावर त्याचा दिवस निघायचा.

नीलिमाला यातलं काही माहीत नव्हतं. ती अंबरनाथहून शेअर रिक्षानं यायची, आल्या आल्या कॉम्प्युटर पुसायची आणि मगच त्याला हात लावायची. अशा मुलीला अधूनमधून एखादी फाइल भलतीकडे सापडली की चिडायला व्हायचं.

"काका, तुम्ही फायलींना हात नका ना लावू. मी आहे ना."

"अगं, शिकतोय."

"मग शिका. पण टेकचंद सेठवर नका शिकू."

डिसेंबर उजाडला आणि "म" यायचा थांबला.

एक सकाळ गेली, फाइल जिथे चुकवली तिथेच. दुसरी सकाळ तशीच. शहाण्या माणसानं फोन केला असता, बाबा रे, बरा आहेस ना? राजेंद्रच्या मनात ते आलंच नाही. त्याच्या मनात आलं, पोरगा कंटाळला. त्यानं चुकवलेल्या फायली जागेवर ठेवल्या नाहीत. आपणच ठेवल्या तर त्याला करायला काय उरणार? मग त्यानं ठरवलं, आता अशी फाइल चुकवायची की त्याला गप्प बसवणारच नाही.

ती फाइल होती कुमुदिनीताईंची.

कुमुदिनीताई बदलापूर गावात राहायच्या. घरात एकच ओव्हरलॉक, त्यावरच संसार. शीलाची मैत्रीण, महेंद्रला लहानपणी कडेवर घेतलेली. त्या दिवशी नीलिमा यायच्या आधीच त्यांचा व्हिडिओ आला. "कुमुदिनी, बदलापूर गाव. राजूदादा, मशीन टाके सोडतंय. परवा शाळेचं गॅदरिंग आहे, पोरींचे झगे घेतलेत शिवायला. जरा लवकर बघा." पाठीमागे मशीन कुरकुरत होतं. राजेंद्रला ऐकताक्षणी कळलं, लूपर. सोमाच्या हातात एक लूपर द्यायचा, विषय संपला. पण त्यानं तो व्हिडिओ उचलला आणि कधीच बंद झालेल्या एका कारखान्याच्या फोल्डरमध्ये नेऊन टाकला. कुमुदिनीमावशीचा आवाज ऐकून तरी हलवेल, संध्याकाळपर्यंत हलवेल, मग सोमाला पाठवू. असा त्याचा हिशोब.

संध्याकाळी "म" आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. राजेंद्र मोबाइल उघडून फक्त गोल शोधत होता. व्हिडिओत कोण काय म्हणालं होतं, ते त्याच्या डोक्यातून केव्हाच निघून गेलं होतं.

गॅदरिंग झाल्यावर कुमुदिनीताई गाळ्यावर आल्या. चढ्या आवाजात बोलणारी बाई नव्हे ती. स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या.

"अर्धे झगे हातानं शिवले मी," त्या म्हणाल्या. "हाताचा टाका तो, किती टिकणार? स्टेजवर गिरकी घेताना दोघींचे उसवले. सगळी शाळा हसली. एक पोरगी तर नाचायचं सोडून रडतच बसली हो. शाळेच्या बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी दुसरीकडे देऊ."

नीलिमानं कॉम्प्युटर उघडला होता. "पण ताई, तुमची तक्रारच नाही आली. तुम्ही फोन का नाही केलात?"

"टाकला होता ना व्हिडिओ! फोन कशाला करू? तुमच्याकडे टाकलं की माणूस येतो." त्यांनी रिकामा पेला खाली ठेवला. "उत्तर येईना, तेव्हा म्हटलं सोमादादा कुठेतरी अडकले असतील, निघाले की कळवतील. बाकीच्यांसारखं तुम्ही खोटं कळवत नाही, म्हणून थांबले."

राजेंद्र काउंटरला टेकून ऐकत होता. आपल्याला लाज वाटायला पाहिजे, हे त्याला कळत होतं. ती वाटायची वाट बघत तो तसाच उभा राहिला.

कुमुदिनीताई गेल्यावर नीलिमा बराच वेळ माउस फिरवत बसली. मग तिनं स्क्रीन त्याच्याकडे वळवला. कोणी कधी काय हलवलं, ते क्लाउड विसरत नाही.

"हा व्हिडिओ तुम्ही हलवलाय, काका. आणि हा पण. आणि हा. रोज एक." ती खाली सरकवत गेली. "आणि रोज महेंद्रनं परत जागेवर ठेवलाय. आत्ता काही दिवस सोडले तर."

बाहेरून एक हातगाडी जीन्सचे गठ्ठे घेऊन गेली. सोमा पाना पुसत होता, त्यानं पुसायचं थांबवलं.

"मुद्दाम?" नीलिमानं विचारलं.

"हो."

ती रागावेल असं त्याला वाटलं, नाहीतर अरेरे म्हणेल. तिनं दोन्ही केलं नाही. "काका, मला समजतंय. खरंच. पण त्या बाई आपल्या भरवशावर गप्प बसल्या. उद्या अजून कोणी बसेल." मग ती कामाचं बोलायला लागली, कारण अशा वेळी तेच बरं असतं. "सगळं त्याच्या खात्यावर आहे. त्यानं उद्या खातं बंद केलं, पासवर्ड विसरला, तर सगळ्या गिऱ्हाइकांची मशीनं गेली. दुकानाच्या नावानं खातं पाहिजे. त्याच्याकडून सगळं आपल्याकडे घ्यायचं आणि फायली मी एकटीनं हलवायच्या. तुम्ही फक्त ऐकायचं, काय बिघडलंय ते सांगायचं."

"मग त्याला दिसणार नाही?"

"नाही दिसणार." मग ती हळूच म्हणाली, "तो आता दुकानात नाहीये, काका."

राजेंद्रनं ड्रॉवरमधून लूपर काढला. "मी जाऊन येतो," तो म्हणाला. सोमाची स्कूटर घेऊन तो स्वतः बदलापूर गावात गेला, कुमुदिनीताईंचं मशीन उघडून नीट केलं, तेल घातलं, चिंधीवर टाके मारून दाखवले. जाताना उंबऱ्यात म्हणाला, "चूक क्लाउडची नव्हती. माझी होती. मी केली." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "चहा टाकते," त्या म्हणाल्या. तो चहाला थांबला नाही.

तिथूनच, नाक्यावर स्कूटर उभी करून, त्यानं महेंद्रला फोन लावला.

"हं, पप्पा."

"जेवलास?"

"हो. तुम्ही?"

"हो." नेहमीची जागा आली. या वेळी राजेंद्रनं ती कशीबशी ओलांडली. "ते दुकानाचं सगळं तुझ्या खात्यावर आहे. नीलिमा म्हणते, दुकानाच्या नावावर असावं."

 "बरोबर आहे तिचं. करून टाकतो."

"हं."

"मधे मला ताप होता, पप्पा. रूमवर पडून होतो. म्हणून फायली राहिल्या हलवायच्या."

राजेंद्रच्या बाजूनं एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. पोराला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं की कोण चुकवतंय आणि कशासाठी, आणि ते माहीत असूनच तो रोज येऊन उचलून ठेवत होता. ताप होता, असं त्यानं सांगितलं ते रजेचा अर्ज द्यावा तसं. आता कसा आहे, डॉक्टरला दाखवलंस का, कोणी होतं का जवळ, असं बरंच काही राजेंद्रच्या घशाशी आलं.

"बरं," तो म्हणाला. फोन बंद झाला.

दोन दिवसांत सगळं दुकानाच्या खात्यावर आलं. नीलिमानं एकेक फोल्डर उघडून तपासला. कुमुदिनीताईंना आणि सगळ्याच गिऱ्हाइकांना नवी लिंक पाठवली, आणि शहाणपणानं एक ओळ वर घातली: संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर सरळ फोन करा. गोलात आता दुकानाच्या नावाचं अक्षर होतं. "म" कुठेही नव्हता. राजेंद्र बघत होता. दुखत नव्हतं. नखं कापल्यासारखं काहीतरी गेलं होतं.

"काका, एक फोल्डर नाही आला," नीलिमा म्हणाली. "‘आई’ नावाचा. तो त्यानं स्वतःकडे ठेवलाय. तुम्हाला दिसेल तुमच्या मोबाइलवर, पण दुकानाचा नाही तो. मागू का?"

"नको," राजेंद्र म्हणाला. "ते गिऱ्हाईक त्याचं आहे."

त्या दिवशी तो ऊन असतानाच कात्रपला घरी आला. खिडकीशी शीलाचं मशीन तिच्याच जुन्या साडीच्या खोळीखाली होतं. ती गेल्यापासून खोळ कोणी काढली नव्हती. त्यानं काढली. चाकाला हात लावला तर चाक हलेना. आतलं तेल सुकून डिंकासारखं झालेलं. कुठलाही नवशिका मेकॅनिक रॉकेलचे दोन थेंब टाकून ते सोडवील. राजेंद्र तर जन्मभर तेच करत आलेला. त्यानं रॉकेलची बाटली शोधली नाही. खुर्ची ओढून तो मशीनसमोर बसला, मोबाइल काढला आणि गिऱ्हाइकं धरतात तसा पुढे धरला.

"राजेंद्र," तो म्हणाला. "कात्रप."

पुढची ओळ यायला वेळ लागला. व्हिडिओत तेवढा वेळ नुसतं मशीन दिसत राहिलं.

"मशीन जाम आहे. चाक फिरत नाही. बरेच दिवस कोणी बसलं नाही त्याच्यावर. मला येतं दुरुस्त करायला, पण माझ्याच्यानं होत नाहीये. घरात कोणी नाही." त्यानं एकदा चाकाला जोर लावला, ते कुरकुरलं आणि थांबलं. "तुला ताप होता, मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं. एवढीच तक्रार आहे."

व्हिडिओ त्यानं "आई" फोल्डरमध्ये टाकला. योग्य जागीच पडलाय ना, ते पुन्हा उघडून बघितलं. कितीतरी महिन्यांत त्यानं बरोबर जागी टाकलेली ही पहिली फाइल.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. राजेंद्रनं मोबाइल उघडून बघणंही सोडलं. काही वाटलं नाही म्हणावं, तर तसंही नव्हतं. वाटायची जागाच कुठे गेली होती, ते सापडत नव्हतं. तो गाळ्यावर यायचा, नीलिमा ऐकवील ते ऐकायचा, लूपर, बेल्ट, हुक असं सांगायचा आणि सोमा निघायचा.

आठवडा सरत आला. दुपारी टेकचंद सेठचा माणूस मशीन घेऊन आला होता. राजेंद्रनं ते उघडलं होतं, कोपरापर्यंत तेल. मोबाइल काउंटरवर वाजला. त्यानं बोटाच्या कोरड्या पेरानं तो उघडला. "आई" फोल्डर. त्याच्या व्हिडिओखाली एक ओळ.

"तक्रार मिळाली. माणूस निघाला आहे."

त्यानं ती वाचली, मग मोबाइल नीलिमासमोर धरला. "हे तू टाकलंस?"

"नाही, काका." तिनं नीट बघितलं. "आपल्या खात्यावरून नाहीये हे. ‘म’ आहे."

"निघालाय? कोण निघालाय?" सोमा मागून म्हणाला. "मी तर इथेच आहे. मला कोणी सांगितलंच नाही."

 नियम तिघांनाही पाठ होता. किक मारल्याशिवाय हे वाक्य टाकायचं नाही. ज्यानं हा नियम केला होता, तो मोडणाऱ्यातला नव्हता. रजा मिळेपर्यंत थांबला असेल, तिकीट हातात येईपर्यंत, बॅग भरून रूमला कुलूप लावेपर्यंत. तोवर त्यानं एक अक्षर टाकलं नव्हतं.

राजेंद्रनं पाना खाली ठेवला. दाताच्या डॉक्टरकडून घरी आल्यावर इंजेक्शन उतरायला लागतं, तेव्हा आधी ओठाला मुंग्या येतात आणि मग ठणका लागतो. त्याला छातीत तसं व्हायला लागलं.

"काका?" नीलिमा खुर्चीवरून उठली. "काय होतंय? बरं नाही वाटत का?"

"दुखतंय," राजेंद्र म्हणाला.

"कुठे?"

त्यानं सांगायला तोंड उघडलं आणि त्यातून शीलाचं नाव बाहेर पडलं. मग तो तेलकट हात तसेच अधांतरी धरून, टेकचंद सेठच्या माणसासमोर, मोठमोठ्यानं रडायला लागला. शीला गेली त्या दिवशी रडायचं राहिलं होतं ते सगळं. नीलिमानं त्याला स्टुलावर बसवलं आणि पाण्याची बाटली उघडून हातात दिली. सोमानं काही न विचारता शटर अर्ध्यावर ओढून घेतलं.